चिंचोक्यांचा परवाना

शेखावतांच्या वकिलाने मागितलेला कागद अगदी साधा होता, जेमतेम चार ओळींचा. पेटंटचा अर्ज करण्याआधी हा शोध मी कुठेही जाहीर केलेला नाही, असं डॉ. आसावरी घाटे हिने लिहून द्यायचं आणि खाली सही करायची. तेवढं झालं की रणजीत शेखावत करार करणार होते. पाणी शुद्ध करायची यंत्रं बनवणारा त्यांचा जयपूरच्या सीतापुऱ्यात मोठा कारखाना होता. तिथे आसावरीचे पाणी गाळायचे दाणे पोत्यांनी तयार होणार, आणि ज्या गावांत पाण्यातलं फ्लोराइड पोरांचे दात पिवळे करतं नि चाळिशीतल्या माणसांची हाडं वाकवतं, त्या गावांना पिण्याजोगं पाणी मिळणार.

या दाण्यांपायी आसावरीची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. जगतपुऱ्यातल्या संस्थेत ती कंत्राटावरची शास्त्रज्ञ. दर वर्षी मुदतवाढ आणि दर वर्षी धाकधूक. नवरा बँकेत, सध्या बदलीवर गुवाहाटीला. घरी आदर्श नगरच्या भाड्याच्या मजल्यावर ती आणि सासरे. अशा बाईसमोर असा कागद आला की तिने सही ठोकून मोकळं व्हावं. आसावरीने पेनाचं टोपण काढलंही होतं. तेवढ्यात तिला मराठी मंडळातलं व्याख्यान आठवलं आणि तिने टोपण परत लावलं.

चार मराठी माणसं परमुलखात एकत्र आली की आधी गणपती बसवतात आणि मग व्याख्यानमाला काढतात. ऐकायला कुणी येवो न येवो, वक्त्याला शाल आणि नारळ मिळालाच पाहिजे. जयपुरातल्या मंडळाची व्याख्यानमाला म्हणजे आसावरीचे सासरे शामराव यांचा जीव की प्राण. मूळचे नागपूरचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. बदली संपली, नोकरी संपली, पण हा गृहस्थ जयपुरातून हलला नाही. गेल्या वर्षी इंदूरचा वक्ता आयत्या वेळी डेंग्यूने आडवा झाला आणि शामरावांनी घरातलंच माणूस उभं केलं. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते.

आसावरी तशी सावध बाई. इंग्रजीतल्या परिषदांमध्ये ती मोजून मापून बोलायची. 'विशिष्ट प्रक्रिया केलेलं वनस्पतिजन्य द्रव्य' याच्यापुढे तिची जीभ कधी सरकली नाही. पण आपल्या कामाबद्दल ती मराठीत त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती. शास्त्रातले शब्द मराठीत सापडेनात, म्हणून तिने स्वयंपाकघरातले घेतले. चिंचोके भाजायचे, कुटायचे, चुन्यात नि तुरटीत भिजवायचे. मग काय, समोरच्या बायकांचे डोळेच चमकले. पहिल्या रांगेतल्या मंदाकिनीताई तर ताठ बसल्या.

"अगं, पण किती भाजायचे? खमंग, की पार काळे?"

"काळेच. पण राख नाही होऊ द्यायची. आणि गॅसवर नाही जमत हो ताई, भट्टी लागते."

"आणि आधी तुरटीत घालायचे की आधी चुन्यात?"

आता खरी गोम इथेच होती. आजवर जगात ज्यांनी ज्यांनी हा खटाटोप केला, ते आधी तुरटी वापरत होते. आधी चुना, मग भट्टी आणि शेवटी तुरटी, हा क्रम आसावरीचा होता आणि तोच सगळा शोध होता. पण कुणी कृती विचारली आणि बाईने हातचं राखून सांगितली, तर आपल्यात तिला कद्रू म्हणतात. आसावरीने हसत हसत सगळं सांगितलं. चुना किती, भट्टी किती तापवायची, तुरटीच्या पाण्यात कधीपर्यंत ठेवायचं. मंदाकिनीताईंनी 'बाई, करून बघायला हवं' असं म्हटलं आणि टाळ्या झाल्या. पुढच्याच आठवड्यात शामरावांनी ते व्याख्यान 'सूनबाईंचा शोध' असा मथळा देऊन यूट्यूबवर चढवलं.

पेटंटचा अर्ज गेला त्यानंतर. आसावरीने कागद वेळेत दिले होते, पण संस्थेच्या समितीला बैठकच जमेना. कधी अध्यक्ष परदेशात, कधी कोरम अपुरा, कधी दिवाळी. आणि कायदा म्हणतो की अर्जाआधी जी गोष्ट चारचौघांत सांगितली, ती चारचौघांची झाली. तिच्यावर पुढे कुणाचा हक्क चालत नाही.

त्या संध्याकाळी घरी येताच तिने पर्सही खाली ठेवली नाही.

"बाबा, ते माझं व्याख्यान अजून यूट्यूबवर आहे का?"

"आहे म्हणजे काय!" शामरावांचा चेहरा फुलला. "परवाच आपल्या अमरावतीच्या साडूंनी पाह्यलं. लय मस्त बोलली म्हणे तुमची सून."

आसावरी खुर्चीत बसली आणि तिने त्यांना सगळं समजावून सांगितलं. ऐकता ऐकता म्हाताऱ्याचा चेहरा उतरत गेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"म्हणजे मी घात केला तुझा."

"तुम्ही काय केलंत? बोलले तर मीच ना."

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं मला? मी टाकलंच नसतं."

"तेव्हा मलाच कुठे सुचलं, बाबा! माझ्यासाठी ते व्याख्यान नव्हतंच. घरच्या माणसांशी बोलले, एवढंच वाटलं होतं मला."

दुसऱ्या दिवशी शामराव इस्त्रीचा सफारी घालून तिच्याबरोबर संस्थेत आले. त्यांनी रात्रभर कायदा वाचून एक पळवाट शोधली होती. विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधाने पेटंटला बाध येत नाही, असं त्यात म्हटलं होतं आणि शामरावांच्या मते त्यांचं मंडळ ही विद्वत्सभाच होती. संस्थेत तयार झालेले शोध उद्योगांना विकायचं काम डॉ. कीर्ती माथुर बघायच्या. जयपूरच्याच, सरळ मनाच्या, पण रोज वरून येणाऱ्या फोनांनी पिचलेल्या बाई. त्यांनी शामरावांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"अच्छा अंकलजी, पिछले साल मंडल में और क्या-क्या कार्यक्रम हुए?"

शामराव खोटं बोलू शकत नव्हते, तो त्यांचा आजारच होता. "हल्दीकुंकू हुआ," ते म्हणाले. "कोजागिरी का दूध हुआ. और मोदक की स्पर्धा."

कीर्तीबाईंनी फाइल मिटली. शामरावांना चहाला पाठवलं, दार लोटून घेतलं आणि मग आसावरीशी हिंदीत हलक्या आवाजात बोलल्या. व्हिडिओ काढून टाक. सही कर. मराठीतलं व्याख्यान इथे कोण बघायला बसलंय? "और सुनो आसावरी, पेटंट नहीं, तो शेखावत नहीं. शेखावत नहीं, तो कोई नहीं. यह तुम मुझसे बेहतर जानती हो."

आसावरीला ते चांगलंच माहीत होतं. करार ठरण्याआधी ती स्वतः विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांचे उंबरे झिजवून आली होती. पेटंट नको, फुकट घ्या, पण बनवा, असं म्हणाली होती. सगळ्यांनी चहा पाजला आणि सगळ्यांनी एकच हिशेब सांगितला. पहिल्याने चाचण्या करायच्या, प्रमाणपत्र काढायचं, पाणीपुरवठा खात्याच्या साहेबांना पटवायचं, लोकांना सवय लावायची. आणि एवढं झालं की शेजारच्याने तोच माल स्वस्तात विकायचा. विहीर मी खणावी आणि पाणी त्याने प्यावं? फुकटची वस्तू कुणालाच नको असते, हे तिला तेव्हा कळलं. तोवर ती उलटंच समजत होती.

आणि सरकारी टेंडरची तर वेगळीच तऱ्हा. आधी तीन वर्षं विकल्याचा दाखला आणा, मग आम्ही विकत घेऊ. नव्या वस्तूने जुना दाखला आणायचा कुठून, हे विचारायची सोय नव्हती. नवनिर्मितीला चालना देणाऱ्या धोरणाची गुळगुळीत पुस्तिका मात्र प्रत्येक टेबलावर होती.

तिने सही केली. एकाच कारणासाठी केली. जयपूरबाहेर, फागीच्या पुढे एका गावातल्या सरकारी शाळेत तिच्या दाण्यांची एकुलती एक गाळणी चालू होती, प्रयोग म्हणून बसवलेली. ना वीज लागायची, ना मेकॅनिक. वरून हातपंपाचं पाणी ओतायचं आणि खालच्या तोटीने भरून घ्यायचं. फ्लोराइडला ना चव ना वास, त्यामुळे दाणे थकले की कळायला एकच मार्ग. गाळलेल्या पाण्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे. गुलाबी राहिलं तर प्यायचं, पिवळं झालं तर नाही. पिवळं झालं की हेडमास्तरीण गुलाब कंवर फोन करायच्या आणि आसावरी प्रयोगशाळेच्या भट्टीत नव्या दाण्यांची गोणी तयार करून स्वतः नेऊन द्यायची. एका शाळेला असं पुरवता येत होतं. अख्ख्या तालुक्याला पुरवायला कारखानाच हवा होता.

सही तिने एका दमात केली आणि याचंच तिला नंतर वाईट वाटलं. शामरावांनी व्हिडिओ काढून टाकला. सुनेशी ते दोन दिवस धड बोलले नाहीत, ती खोटं बोलली म्हणून नव्हे, तर आपल्यापायी तिला बोलावं लागलं म्हणून.

सिव्हिल लाइन्सच्या एका सभागृहात कराराचा समारंभ झाला. पाहुण्यांना साफे बांधले, फोटो निघाले, नव्या धोरणाचं कौतुक झालं. संस्थेच्या वार्षिक अहवालात 'उद्योगाला हस्तांतरित केलेले शोध' या रकान्यातला आकडा एकाने वाढला आणि त्या आकड्यावर संस्थेचं मानांकन वर सरकलं. करार झाला की आकडा लागतो. पुढे कुणाच्या घागरीत पाणी पडलं का, याचा रकाना त्या अहवालात कुणी केलेलाच नाही. रणजीत शेखावत मोठे अदबशीर गृहस्थ. त्यांनी शामरावांना वाकून नमस्कार केला आणि आसावरीला म्हणाले, "मैडमजी, आपने तो चमत्कार कर दिया." आसावरीला त्या दिवशी खरंच वाटलं की खोट्याचं चांगलं झालं.

मग उन्हाळा आला आणि गेला. सीतापुऱ्याहून काही खबर नव्हती. फोन केला की तिथला माणूस अगदी गोड बोलायचा. काम चालू आहे म्हणायचा. तिने मशिनरीची मापं पाठवली, भट्टीचं चित्र पाठवलं. त्यांची पोचही आली नाही.

शाळा उघडल्यावर गुलाब कंवरांचा फोन आला. "मैडमजी, पीला हो गया."

आसावरीने नेहमीप्रमाणे चिंचोके मागवले आणि भट्टी लावली. गोणी शिवून दाराशी ठेवली, तेव्हा भांडारातल्या माणसाने ती बाहेर सोडायला नकार दिला. वरून सूचना होती. ती तरातरा कीर्तीबाईंकडे गेली. त्यांनी करार उघडला आणि एका कलमावर बोट ठेवलं. हे दाणे बनवायचा, विकायचा आणि द्यायचासुद्धा हक्क आता फक्त शेखावतांच्या कंपनीचा होता. संस्थेने एक मूठ दिली तरी करारभंग.

"लेकिन वह तो स्कूल है, मैडम. बच्चे हैं."

"तो शेखावतजी से पूछ लो. वे भले आदमी हैं."

आसावरी त्याच पावली रिक्षा करून सीतापुऱ्याला गेली. कारखान्यात यंत्रांची लांबच लांब रांग होती, सगळी विजेवर चालणारी, जाळीतून पाणी दाबून शुद्ध करणारी, अर्धं पाणी गटारात सोडणारी. तिच्या दाण्यांसाठी भट्टी सोडा, एक विटेचा चौथराही कुठे दिसेना. शेखावतांनी तिला आपल्या हाताने चहा दिला. मिठाईची बशी पुढे सरकवली.

तिने विचारलं, काम कधी सुरू होणार?

शेखावतांनी आपला कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "मैडमजी, आपसे झूठ नहीं बोलूंगा." आणि पुढे त्यांनी जे सांगितलं ते इतक्या सरळपणे सांगितलं की तिला धड रागही करता येईना. गावागावांत यंत्रं बसवून पाच वर्षं सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं. यंत्राची जाळी बदलावी लागते, मोटर जळते, मेकॅनिक पाठवावा लागतो. त्यावरच तर कारखाना चालतो. शेकडो माणसांची चूल त्यावर पेटते. तिच्या गाळणीला वीज नको, जाळी नको, मेकॅनिक नको. "तो फिर मैं बेचूंगा क्या?"

"मग घेतलं कशाला?" आसावरीच्या तोंडून मराठीच निघालं. मग हिंदीत, "तो आपने लिया क्यों?"

"ताकि कोई और न ले."

तिच्या कानांतून वाफा निघायला लागल्या. आपण खायचं नाही आणि दुसऱ्याला खाऊ द्यायचं नाही, हे त्या माणसाने साखरेच्या चहाबरोबर सांगितलं होतं. तरी तिने हात जोडले. हो, जोडले, तिला लाज वाटत होती, पण जोडले. करार राहू द्या, कारखाना राहू द्या. त्या एका शाळेला एक गोणी नेऊ द्या.

"आज एक थैली दूंगा, कल दस गांव मांगेंगे," शेखावत मान हलवत म्हणाले. "आप चिंता न करें. अगले बरस उस स्कूल में हमारी मशीन लग जाएगी."

शाळेत वीज कशीबशी सकाळी तासभर यायची. तिने ते सांगितलंही. शेखावतांनी खेदाने हात पसरले आणि तिला सोडायला फाटकापर्यंत आले.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली. शामराव पाण्याचा पेला घेऊन समोर उभे राहिले, पण तिने तो घेतला नाही. सगळं सांगून झालं तेव्हा तिला रडू फुटलं. शामरावांनी सुनेला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. ते अवघडून स्टुलावर टेकले.

"आता काय करून राहिली तू?"

"खरं सांगणार आहे. पेटंटच्या ऑफिसला, त्यांच्या वकिलाला, कीर्तीबाईंना. सगळं आधीच चारचौघांत सांगितलं होतं, माझी सही खोटी आहे. पेटंट रद्द होईल. त्यांचा हक्क संपेल."

"आणि तू?"

तिने गुडघ्यांवर हनुवटी टेकली.

"नोकरी जाईल," शामराव म्हणाले. आयुष्यभर लोकांच्या जोखमी मोजलेला माणूस; तो बोटं मुडपत एकेक जोखीम सांगू लागला. "खोटं लिहून दिलं म्हणून दावा लागेल. पुन्हा कोणती संस्था दारात उभं करणार नाही. बरं, ते सोड. पेटंट गेल्यावर बनवेल कोण? तूच तर सांगितलं होतं मला, फुकटचं कोणालाच नको म्हणून. म्हणजे आता तो बनवत नाही आणि मग कोणीच बनवणार नाही. फरक काय पडून राहिला, सांग ना मला?"

"माहीत आहे, बाबा."

"मग काहून स्वतःला जाळून घेतेस?"

"कारण आत्ता त्या पोरांना गोणी देणं हा गुन्हा आहे." तिने पदराने तोंड पुसलं. "आणि त्याचा गुन्हा मी करून ठेवलाय. माझ्या सहीने झालाय. नाही बनवलं कुणी तर नाही बनवलं. पण कुणाला बनवायचं झालं तर त्याला अडवणारा कागद माझ्या नावाचा नको."

शामरावांनी मुडपलेली बोटं सोडली. मग म्हणाले, "व्याख्यानाचं रेकॉर्डिंग माझ्यापाशी आहे. पुरावा लागेल तर घे." तोच पेला उचलून ते स्वतः पाणी प्यायले.

कीर्तीबाईंनी तिचं पत्र उभ्यानेच वाचलं आणि मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. त्या रागावल्या नाहीत, उलट गयावया करू लागल्या. अहवाल छापायला गेलाय. मानांकन खाली येईल. दिल्लीला काय उत्तर देऊ? तुझ्या एकटीच्या सचोटीपायी बाकीच्यांचे प्रकल्प अडकतील, त्याचं काय? आसावरी एवढंच म्हणाली की व्हिडिओ काढून टाक असं तुम्ही म्हणाला होतात, हे मी कुठेही लिहिलेलं नाही. त्यावर कीर्तीबाईंनी मान फिरवली आणि खिडकीकडे बघत डोळे टिपले.

शेखावतांचा फोन त्याच दिवशी आला. आवाज तसाच अदबीचा. "मैडमजी, इसमें आप ही डूबेंगी. हम तो कल भी मशीन ही बेचते थे." दमदाटी नव्हती त्यात. त्यांना खरोखरच नवल वाटत होतं की शिकलीसवरली बाई असं का करते.

पुढचं सगळं फार भराभर झालं. ज्या समितीला तिच्या अर्जासाठी कधी बैठक जमली नव्हती, ती तिला काढण्यासाठी आठवड्याच्या आत जमली. कोरम पूर्ण होता. ओळखपत्र जमा करून घेतलं, संगणकाचा पासवर्ड बदलला, आणि प्रयोगशाळेला कुलूप लावून चावी भांडारात दिली. भट्टी आत राहिली. तयार करून ठेवलेली गोणीही आत राहिली. चौकशी संपेपर्यंत आतली एकही वस्तू हलवायची नाही, असा हुकूम होता. तिने शाळेपुरती ती गोणी तरी मागून पाहिली. भांडारातला माणूस तिची नजर चुकवत म्हणाला की आता तुम्ही इथल्या कुणी नाही.

संस्थेने पेटंट सोडून दिलं, आसावरीवर दावा लागला, आणि आता कृती सगळ्या जगाला मोकळी झाली होती. जयपुरात, नागपुरात, कुठेही, ज्याच्यापाशी चिंचोके, चुना, तुरटी आणि भट्टी आहे त्याने खुशाल दाणे करावेत. कुणी त्याला अडवू शकत नव्हतं. आसावरीने पुन्हा औद्योगिक वसाहतीत फेरी मारली. भट्टी असलेल्या प्रत्येकाकडे गेली. निदान एका गोणीपुरती भट्टी भाड्याने द्या, म्हणाली. पण कोर्टकचेरीत अडकलेली बाई म्हणून तिची बातमी तिच्याआधी पोचली होती. या वेळी चहासुद्धा कुणी विचारला नाही. एकाने दारातूनच हात जोडले.

तिथून बाहेर पडून ती सडकेच्या कडेला सावलीला उभी असतानाच फोन वाजला. गुलाब कंवर होत्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मागून शाळेचा गलका ऐकू येत होता. जेवणाची सुट्टी झाली असावी.

"मैडमजी, आप आईं नहीं. पानी तो अब डालते ही पीला हो जाता है."

"गुलाबजी, वह पानी बच्चों को मत पिलाइए," आसावरी म्हणाली.

मग हेडमास्तरणीने विचारलं. रागाने नव्हे, कुरकुरीनेही नव्हे. वर्गात फळ्यावरचं नीट दिसत नाही म्हणून विचारावं तसं.

"तो कौनसा पिलाऊं, मैडमजी?"

आसावरीने फोन कानाला तसाच धरून ठेवला. समोरून ट्रक जात होते. गुलाब कंवर उत्तराची वाट बघत होत्या आणि त्यांच्या मागे कुणीतरी पोर हातपंपाचा दांडा मारायला लागलं होतं.